नोकरीला बांधलेला दवाखाना

व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा आम्ही 'अमेरिकेतील आरोग्यविम्याचा वाद' हा विषय कळविला. चिटणीस सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी फोनवर एवढेच विचारले की, बोनस, कंत्राटी कामगार, नव्या श्रमसंहिता हे सारे विषय सोडून कामगार चळवळीतल्या माणसाने अमेरिकेच्या दवाखान्यात का शिरावे? प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर त्या वेळी आम्हांला नीट देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. आमचे शालेय शिक्षण दहावीत थांबले. त्यानंतरचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, दुसरी पाळी सुटण्याची वाट पाहत. म्हणून एखादा प्राध्यापक मांडील तसा हा विषय आमच्याकडून मांडला जाणार नाही. आम्हांला करार वाचण्याची सवय आहे. कलम कोणी घातले, कोणत्या घाईत घातले आणि दहा वर्षांनी ते कोणाच्या गळ्याशी आले, एवढेच आम्ही पाहतो.

१६ सप्टेंबर २०१९ रोजी अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या सुमारे अठ्ठेचाळीस हजार कामगारांचा संप सुरू झाला. तो चाळीस दिवस चालला. संपात नवे असे काही नव्हते. नवे आम्हांला वाटले ते दुसऱ्याच दिवशी घडले. कंपनीने कळविले की, संपावर असलेल्या कामगारांच्या आरोग्यविम्याचे पैसे यापुढे आपण भरणार नाही. युनियनने तो भार स्वतःच्या निधीतून उचलण्याची तयारी केली, देशभर टीका झाली, आणि दहा-बारा दिवसांत कंपनीने माघार घेतली. माघार घेतली हे खरे. परंतु ते दहा दिवस आम्ही डोळ्यांसमोर आणून पाहिले. संपात पगार बुडतो, हे कामगार धरूनच चालतो. वाण्याकडे उधारी करतो, गावाकडून तांदूळ आणतो. पण बायकोची शस्त्रक्रिया पुढच्या मंगळवारी ठरलेली आहे आणि तिचे बिल भरणारा हात मालकाच्या खिशात आहे, हे कळल्यावर तो माणूस फाटकावर किती दिवस उभा राहील? जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, तेथल्या सर्वांत बलाढ्य युनियनपैकी एकीच्या सभासदांवर ही वेळ यावी, हे कसे घडले? त्या शोधात आम्ही जे वाचले ते सांगतो.

प्रथम विमा म्हणजे काय ते पाहू. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी दोन मिनिटे कळ काढावी. समजा, एका चाळीत शंभर बिऱ्हाडे आहेत. त्यांनी ठरविले की, दरमहा प्रत्येकाने शंभर रुपये एका डब्यात टाकावयाचे आणि ज्याच्या घरी मोठे आजारपण येईल त्याला त्यातून द्यावयाचे. वर्षाला एक लाख वीस हजार जमतात आणि दोन-तीन घरांची नड भागते. पहिले वर्ष ठीक जाते. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचा तरुण म्हणतो, मला साधी सर्दीही होत नाही, मी कशाला देऊ? तो बाहेर पडतो. त्याचे पाहून आणखी वीस धडधाकट घरे बाहेर पडतात. आजारी तेवढेच राहिले, जमा मात्र घटली. म्हणून वर्गणी दीडशे करावी लागते. ती दीडशे होताच आणखी काही जण जातात. असे होत होत शेवटी डब्याभोवती फक्त दमेकरी आणि म्हातारी माणसे उरतात आणि वर्गणी अशी होते की ती त्यांच्याच्याने देववत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला मोठी नावे आहेत. आमच्या वस्तीत भिशी फुटली म्हणतात.

भिशी फुटू नये म्हणून दोन उपाय आहेत. एक, सर्वांना सक्तीने आत ठेवणे. दुसरा, डबा ज्याच्या हाती आहे त्याने आजारी माणसाला आधीच दारातून परत पाठविणे. विमा कंपनीला दुसरा उपाय साहजिकच आवडतो. पहिला उपाय कायद्याखेरीज होत नाही, आणि सक्ती म्हटली की राजकारण आलेच. अमेरिकेत शंभर वर्षे जे भांडण चालू आहे ते मुळात या दोन उपायांमधले आहे.

सक्तीचा उपाय जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये केला. त्याला कामगारांचा पुळका होता असे कोणीही म्हणणार नाही. समाजवाद्यांच्या पायाखालची वाळू काढून घ्यावी हा त्याचा डाव होता. वर्गणीचे दोन भाग कामगाराने द्यावयाचे आणि एक भाग मालकाने, असा तो कायदा. इंग्लंडात लॉईड जॉर्जने १९११ मध्ये तसाच कायदा केला. कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन. त्यात कामगार तेवढा सुरक्षित झाला, त्याची बायकामुले नव्हेत. पुढे १९४८ मध्ये तेथे अन्युरिन बेव्हन याने विम्याची ही चौकटच बाजूला सारली आणि करातून चालणारी, सर्वांना खुली अशी राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलैपासून सुरू केली. तेथल्या डॉक्टरांच्या संघटनेने त्याच वर्षी फेब्रुवारीत मतदान घेऊन मोठ्या बहुमताने विरोध नोंदविला होता. हा बेव्हन तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला माणूस. त्याच्या ट्रेडेगर गावी खाणकामगार आपल्या पगारातून वर्गणी काढून स्वतःची वैद्यकीय संस्था चालवीत असत. गावात जे चालले ते देशाला का चालू नये, असा त्याचा विचार होता. हे ट्रेडेगर ध्यानात ठेवावे. अमेरिकेतल्या खाणकामगारांकडे येऊ तेव्हा त्याची गरज पडेल.

अमेरिकेत सक्तीच्या आरोग्यविम्याचा नमुना-कायदा १९१५ च्या सुमारास काही अभ्यासकांनी तयार केला. डॉक्टर पुढे विरोधात गेले, विमा कंपन्या तर पहिल्यापासूनच विरोधात होत्या, कारण गरिबांकडून अंत्यविधीच्या खर्चासाठी दर आठवड्याला नाणे नाणे गोळा करण्याचा त्यांचा धंदा या कायद्याने बुडाला असता. हे सारे अपेक्षितच. ज्याने आम्हांला थबकविले ते नाव सॅम्युअल गॉम्पर्स यांचे. सिगार वळणारा हा कारागीर अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचा अध्यक्ष झाला आणि अनेक वर्षे तेथल्या कामगार चळवळीचा सर्वांत मोठा पुढारी राहिला. त्याने या कायद्याला कडाडून विरोध केला! त्याचे म्हणणे असे की, सरकारने दिलेले सरकार काढूनही घेते. कामगाराने जे मिळवावयाचे ते आपल्या संघटनेच्या बळावर, मालकाच्या समोर बसून मिळवावे. आम्ही तरुण असतो तर या वाक्यावर टाळी दिली असती. आजही त्यात काही अर्थ नाही असे म्हणवत नाही. परंतु ज्याची संघटना नाही त्याने काय करावे, हा प्रश्न गॉम्पर्सने मोकळा सोडला, आणि तो पुढे शंभर वर्षे मोकळाच राहिला.

मग १९२९ मध्ये टेक्सासातल्या डॅलस येथे एक लहानशी गोष्ट घडली. तेथल्या बेलर इस्पितळाची बिले थकत होती. इस्पितळाच्या चालकांनी शहरातल्या शिक्षकांशी असे ठरविले की, दरमहा पन्नास सेंट द्यावेत आणि गरज पडल्यास एकवीस दिवस इस्पितळात उपचार घ्यावेत. 'ब्लू क्रॉस' या नावाने पुढे देशभर पसरलेल्या विम्याचा उगम येथला. थकलेली वसुली व्हावी हा त्यातला हेतू. आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. रूझवेल्टने १९३५ मध्ये म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला, पण डॉक्टरांच्या विरोधामुळे सारा कायदाच बुडेल या भीतीने आरोग्यविमा त्यातून गाळला.

खरी गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धात. कामगारांचा तुटवडा होता आणि १९४२ च्या कायद्याने मजुरी गोठविलेली होती. मालकाला माणसे हवीत, पण पगार वाढवावयाचा नाही. युद्धकालीन श्रममंडळाने मात्र विमा व निवृत्तिवेतन यांसारख्या सवलतींना मुभा दिली. त्याबरोबर मालक आरोग्यविमा देऊ लागले. त्यात करखात्याची आणखी एक गाठ बसली, जी १९५४ च्या करकायद्यात पक्की झाली. मालकाने कामगाराला एक डॉलर पगार दिला तर त्यावर प्राप्तिकर. तोच डॉलर विम्याच्या हप्त्यात भरला तर कर नाही. मग कोणता कामगार डॉलर रोख मागेल? ठरवून कोणी हे केले नव्हते. युद्धातल्या एका सोयीने एका मोठ्या देशाच्या आरोग्याची चौकट ठरून गेली. चुकून बसलेल्या गाठी कधी कधी अशा घट्ट बसतात.

युद्ध संपल्यावर १९ नोव्हेंबर १९४५ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला. डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक सभासदावर पंचवीस डॉलरांची जादा वर्गणी बसवून प्रचाराची पेढी नेमली आणि 'समाजवादी औषधोपचार' हा शब्द घरोघर पोचविला. प्रस्ताव बुडाला. युनियननी ट्रुमन यांना पाठिंबा दिला होता. परंतु तो बुडत असताना त्या थांबून राहिल्या नाहीत, आणि थांबावयास हवे होते असे आम्हीही म्हणणार नाही. सभासद आज आजारी पडतो. मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रूथर यांनी १९५० मध्ये जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा जो प्रसिद्ध करार केला, त्यात विम्याचा निम्मा खर्च कंपनीने उचलला. पुढच्या करारांतून तो सारा खर्च कंपनीवर गेला. रूथर स्वतः राष्ट्रीय विम्याचेच मत मांडीत राहिले. पण ज्या कामगाराला चांगला विमा मिळाला त्याला राष्ट्रीय विम्यासाठी मोर्चात चालण्याची निकड उरली नाही. वस्तीतल्या सगळ्या नळांना पाणी यावे म्हणून भांडणाऱ्याच्या घरी आधी नळ आला की मोर्चातली माणसे कमी होतात, हे आम्ही आमच्याच गावात पाहिले आहे.

खाणकामगारांची कथा याहून मोठी आहे. जॉन एल. लुईस यांच्या संघटनेने १९४६ च्या संपात असे मिळविले की, काढलेल्या प्रत्येक टन कोळशामागे पाच सेंट कामगारांच्या कल्याणनिधीत पडावेत. १९५२ पर्यंत ते चाळीस सेंट झाले. या निधीतून केंटकी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ मुलखात, जेथे धड डॉक्टरही मिळत नसे, दहा इस्पितळे उभी राहिली आणि १९५६ मध्ये त्यांचे उद्घाटन झाले. कामगारांच्या घामातून उभी राहिलेली दहा इस्पितळे! हे वाचताना आमची छाती फुगली होती. मग कोळशाची मागणी घटली, खाणीत यंत्रे आली, टन कमी झाले, निधी आटला, आणि काही वर्षांतच ती इस्पितळे दुसऱ्यांच्या हाती द्यावी लागली. ट्रेडेगरच्या खाणकामगारांची वर्गणीही पगाराला बांधलेलीच होती. पण ट्रेडेगरचा माणूस मंत्री झाला आणि त्याने ती गाठ सोडवून आरोग्य देशाच्या तिजोरीला बांधले. अमेरिकेत ते टनाला बांधलेले राहिले.

नोकरीला विमा बांधला की दोन माणसे बाहेर पडतात: ज्याची नोकरी संपली तो म्हातारा, आणि ज्याला धड नोकरीच नाही तो गरीब. त्यांच्यासाठी ३० जुलै १९६५ रोजी 'मेडिकेअर' व 'मेडिकेड' यांचा कायदा झाला. अध्यक्ष जॉन्सन सही करण्यासाठी मुद्दाम मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावी गेले आणि पहिले कार्ड वृद्ध ट्रुमन यांच्या हाती दिले. त्याआधी १९६१ मध्ये या योजनेविरुद्ध डॉक्टरांच्या संघटनेने एक गंमत केली होती. रोनाल्ड रेगन या नटाच्या भाषणाची ध्वनिमुद्रिका काढली. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवावयाचे, ती ऐकवावयाची आणि मग सर्वांनी बसून खासदारांना पत्रे लिहावयाची. प्रचार कसा करावा हे विरोधकांकडून शिकावे. आमच्या सभांना चहा असतो, पण पत्र लिहून घेण्याचे आम्हांला सुचत नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी मालकांवर विम्याची सक्ती करणारी योजना मांडली होती. युनियननी ती अपुरी म्हणून नाकारली. वॉटरगेटनंतरच्या निवडणुकीत आपली माणसे निवडून येतील आणि पुरी योजना मिळेल असा हिशेब होता. माणसे निवडून आली, योजना मात्र आली नाही. निम्मी भाकरी परत पाठविण्याचा हा निर्णय आम्हांला आजही सतावतो, कारण वाटाघाटीच्या टेबलावर असे निर्णय आम्हीही घेतले आहेत आणि ते सगळेच बरोबर ठरलेले नाहीत. क्लिंटन यांची योजना १९९४ मध्ये चर्चेतच विरली.

मग २०१० चा कायदा. तो ओबामांच्या नावाने ओळखला जातो. वरच्या सभागृहात २४ डिसेंबर २००९ रोजी ६० विरुद्ध ३९ आणि खालच्या सभागृहात २१ मार्च २०१० रोजी २१९ विरुद्ध २१२ अशा मतांनी तो संमत झाला. या कायद्याची रचना समजण्यास आपली चाळ पुरेशी आहे. पहिले कलम: आधीचा आजार आहे म्हणून कोणालाही दारातून परत पाठवावयाचे नाही. एवढेच केले तर माणूस आजारी पडल्यावरच वर्गणी भरावयास येईल आणि भिशी फुटेल. म्हणून दुसरे कलम: सर्वांनी विमा घ्यावा, न घेणाऱ्यास दंड. पण ज्याला परवडत नाही त्याला दंड करणे अन्याय. म्हणून तिसरे कलम: मध्यम उत्पन्नाच्या माणसाला हप्त्यासाठी सरकारी साहाय्य, आणि गरिबांसाठी मेडिकेडचा विस्तार. तीन पायांची तिवई आहे ही. सरकारने स्वतःची एक विमायोजना बाजारात उतरवावी ही सूचना मात्र साठावे मत मिळविण्यासाठी सोडून द्यावी लागली.

विरोध करणारे सगळेच विमा कंपन्यांचे मुनीम होते असे मानण्याचे कारण नाही. एखादी वस्तू विकत घेण्याची सक्ती सरकारने नागरिकावर करावी काय, हा प्रश्न साधा नाही. सर्वोच्च न्यायालयात २८ जून २०१२ रोजी तो पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मतांनी सुटला, आणि तोही दंड हा एक कर आहे असे मानून. त्याच निकालाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. २०२५ पर्यंत दहा राज्यांनी तो केलेला नव्हता. आपला सध्याचा विमा आवडत असेल तर तो राहील, असे आश्वासन ओबामांनी वारंवार दिले होते. २०१३ मध्ये अनेकांच्या जुन्या पॉलिसी रद्द झाल्या आणि लोक चिडले, ते रास्तच होते. आणि युनियनही चिडल्या होत्या. या कायद्यात महागड्या विम्यांवर चाळीस टक्के कर होता. ज्यांनी वर्षानुवर्षे पगारवाढ सोडून चांगला विमा मिळविला त्यांच्याच विम्याला आता चैनीची वस्तू म्हणावे, हे त्यांना कसे पटावे? तो कर पुढे ढकलला गेला आणि २०१९ च्या डिसेंबरात, एक दिवसही लागू न होता, रद्द झाला.

कायदा रद्द करण्याचा मोठा प्रयत्न २८ जुलै २०१७ रोजी वरच्या सभागृहात ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला. स्वतः रिपब्लिकन असलेले जॉन मॅकेन यांनी हाताच्या खुणेने नकार दिला, ते दृश्य अनेकांनी पाहिले असेल. दंड मात्र २०१९ पासून शून्य करण्यात आला; तिवईचा एक पाय कापला, तरी ती उभी राहिली, कारण साहाय्याचा पाय भक्कम होता. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, ते साहाय्य वाढविले होते. त्या वाढीची मुदत २०२५ अखेर संपणार होती. तीवरूनच मुख्यतः १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे त्रेचाळीस दिवस अमेरिकन सरकारचे कामकाज बंद पडले, आणि तरीही मुदत ३१ डिसेंबरला संपली ती संपलीच. त्याच वर्षी ४ जुलैच्या कायद्याने मेडिकेडच्या अनेक धडधाकट लाभार्थींवर महिन्याला ऐंशी तास कामाची अट घातली. ती २०२७ च्या आरंभापर्यंत लागू व्हावयाची आहे. म्हणजे जी योजना नोकरीबाहेरच्या माणसासाठी होती तिलाही नोकरीची दोरी लागली.

या साऱ्याचे फळ काय? २०१० च्या सुमारास साडेचार कोटींहून अधिक लोक विम्याविना होते. २०२३ मध्ये ते सुमारे दोन कोटी साठ लाख उरले. हे मोठे काम आहे. पण २०२३ मध्ये तो देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा १७.६ टक्के भाग आरोग्यावर खर्च करीत होता, आणि एवढा खर्च करूनही ते दोन कोटी साठ लाख बाहेरच होते.

आता चिटणीसांचा प्रश्न. आम्ही या दवाखान्यात का शिरलो? कारण आमच्या घरची चौकटही त्याच लाकडाची आहे. १९४३ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखाते पाहत असताना, प्रा. बी. पी. अदारकर यांची नेमणूक झाली. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मुंबईस ती १९५४ मध्ये आली. ई.एस.आय.च्या रांगेला, तेथल्या औषधांच्या तुटवड्याला आमचे सभासद शिव्या देतात, आम्हीही दिल्या आहेत. पण त्या कार्डात दोन गोष्टी अशा आहेत की खाजगी विम्यात त्या शोधून सापडत नाहीत: आधीचा आजार कोणी विचारत नाही, आणि उपचाराच्या खर्चाला रकमेची मर्यादा नाही. शिवाय आजारपणाच्या रजेत वर्षाला एक्क्याण्णव दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार. उणीव एकच, पण ती मुळातली. पगाराची एक कमाल मर्यादा आहे. तिच्यावर पगार गेला की ठराविक मुदतीनंतर माणूस बाहेर. आणि पगारच थांबला तरी बाहेर. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतले अनेक परत कधीच आत गेले नाहीत, तेव्हा पगाराबरोबर त्यांचा दवाखानाही गेला. त्याचा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही.

२०१३ साली एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आम्ही तीन वर्षांचा करार केला. पगाराची मर्यादा तेव्हा पंधरा हजार होती. करारानंतर बहुतेकांचा पगार तिच्यावर गेला. व्यवस्थापनाने सांगितले, ई.एस.आय.मधून जे बाहेर पडतील त्यांना कुटुंबामागे वर्षाला दोन लाखांचा मेडिक्लेम देऊ. तरुण पोरांनी टाळ्या वाजविल्या. रांगेतून सुटका झाली! गुलाल उधळला, आमच्या गळ्यात हार पडले. मेडिक्लेमच्या अटी आम्ही वाचल्या नाहीत. करारातले कलम अडीच ओळींचे होते.

पुढल्या वर्षी त्यांतला एक फिटर कचेरीत आला. बायकोची मूत्रपिंडे निकामी झालेली, आठवड्याला दोन डायलिसिस. वर्षाचे दोन लाख नवव्या महिन्यात संपले होते. ई.एस.आय.चे कार्ड बंद. सरकारच्या जीवनदायी योजनेला पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड लागे. पगारामुळे याचे कार्ड पांढरे. तो चिडला नव्हता. "भाऊ, वाढ दोन हजार मिळाली, ती मागे घेता येईल का?" एवढेच त्याने विचारले. आम्ही तीन ठिकाणी अर्ज केले, कारखान्यात वर्गणी केली. शंभर बिऱ्हाडांचा डबाच पुन्हा. तो चार महिने पुरला. मग त्याने गावाकडची आपल्या वाट्याची जमीन विकली. बाई २०१६ च्या दिवाळीआधी वारल्या.

१ जानेवारी २०१७ पासून मर्यादा एकवीस हजार झाली. त्याचा पगार तोवर अठरा हजारांच्या घरात होता, म्हणून तो पुन्हा योजनेत आला. नवे कार्ड घेऊन तो कचेरीत आला आणि ते त्याने टेबलावर ठेवले. कुटुंबाच्या रकान्यात दोन मुलांची नावे होती.

त्यानंतर २०१९ मध्ये ई.एस.आय.ची वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली गेली. वीस हजार पगारावर कामगाराचे महिन्याला दोनशे रुपये वाचले आणि मालकाचे तीनशे. पेढे कोणी वाटले ते सांगत नाही. आमच्या मते मर्यादा काढून टाकणे हे खरे काम होते, आणि ते वर्गणी न घटविता करता आले असते. २०१८ पासून आयुष्मान भारत आहे, २०२४ पासून महाराष्ट्रात सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण देणारी महात्मा फुले योजना आहे. रेशनकार्डाच्या रंगाची अट गेली, हे मोठे पाऊल आहे आणि ते आम्ही मनापासून मानतो. पण ती मुख्यतः इस्पितळात दाखल होणाऱ्याची योजना आहे, ठरलेल्या आजारांची आणि यादीतल्या इस्पितळांची. रोजच्या मधुमेहाच्या गोळ्या आणि बुडालेला पगार तिच्यात बसत नाही. म्हणून या योजना आल्या तेव्हा ई.एस.आय. आता कशाला, असे जे आमच्याच काही मित्रांनी म्हटले ते आम्हांला पटले नाही.

त्या कारखान्याचा करार पुढे पुन्हा आला तेव्हा सभेत दोन तास एकाच गोष्टीवर वाद झाला: पगार एकवीस हजारांच्या आत ठेवावा की बाहेर न्यावा? कामगारांच्या सभेत पगार कमी मागावा अशी सूचना यावी, हे आम्ही आयुष्यात प्रथम ऐकले. हात वर करून मते घेतली. आठ-दहा मतांच्या फरकाने बाहेर जाण्याचे ठरले. तरुण एका बाजूला, पन्नाशीचे दुसऱ्या बाजूला. तो फिटर आत राहण्याच्या बाजूने होता. या खेपेस मेडिक्लेमचे कलम अडीच पानांचे झाले. आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरावेत, हे मान्य झाले. रक्कम संपल्यावर डायलिसिस व कर्करोग यांचा खर्च कंपनीच्या राखीव बफरमधून व्हावा, हेही आठ बैठकांनंतर मान्य झाले. संप किंवा टाळेबंदी झाली तरी हप्ता भरणे थांबवू नये, असे तिसरे पोटकलम आम्ही लिहून दिले होते. त्यावर व्यवस्थापनाच्या वकिलांनी पेन्सिलीने काट मारली, आणि आम्ही सही केली.